डॉ. माधव खांडेकर यांचा संशय आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाची व्याप्ती

पृथ्वीच्या तापमानवाढीस मुख्यतः मनुष्यच कारण आहे, या सिद्धान्ताविषयी शंका घेणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांत डॉ. माधव खांडेकर हे एक मराठी नाव आहे. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्ययन करून त्यांनी फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली व पुढे कॅनडाच्या पर्यावरण खात्यात दीर्घकाळ संशोधन केले. युरेशियातील हिमाच्छादन, एल निनो व भारतीय मोसमी पाऊस यांच्या परस्परसंबंधावर त्यांनी १९९१ मध्ये निबंध लिहिला होता. तेव्हा त्यांचा संशय हा अनभिज्ञाचा संशय नव्हे. तापमानवाढ व हवामानातील आत्यंतिक घटना यांच्या संबंधाचा त्यांनी घेतलेला आढावा लंडनच्या ‘ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशन’ने २०१३ साली प्रसिद्ध केला. तोच प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय. भाषेच्या अभ्यासकाने हवामानशास्त्राचा निवाडा करू नये, हे मान्य आहे. परंतु एखादा शब्द त्याला पेलेल इतकाच अर्थ वाहतो आहे की अधिक, हे पाहणे त्याचे कामच आहे.

डॉ. खांडेकरांचे प्रतिपादन थोडक्यात असे : १९४५ ते १९७७ या काळात पृथ्वीचे सरासरी तापमान किंचित उतरत होते, तरीही अवर्षणे, महापूर व वादळे आजच्याइतकीच होत होती, म्हणून आजच्या आत्यंतिक घटनांचा तापमानवाढीशी संबंध जोडणे अनाठायी आहे, त्या नैसर्गिक चढउताराचा भाग आहेत.

या प्रतिपादनाची परीक्षा घेण्यास बुलढाणा जिल्हा विशेष उपयुक्त आहे, कारण त्यातील सर्वांत बळकट पुरावा याच जिल्ह्याच्या भूमीत आहे. लोणार सरोवराच्या तळातील गाळाचे थर तपासून संशोधकांनी २०१४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी या प्रदेशात मोसमी पावसाने दीर्घकाळ ओढ दिली होती. त्या वेळी कारखाने नव्हते आणि कोळशाचा धूरही नव्हता. महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरला गेलेला १९७२ चा दुष्काळही डॉ. खांडेकरांच्या त्या ‘थंड’ कालखंडातीलच, आणि ते वर्ष एल निनोचे होते. मोसमी पाऊस स्वभावतःच अस्थिर आहे, हा त्यांचा मुद्दा म्हणून निर्विवाद मानला पाहिजे.

अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. कपाशीचे उत्पन्न गुलाबी बोंडअळी येण्यापूर्वीही कधी पावसाअभावी, कधी अन्य रोगाने बुडत असे. एवढ्यावरून बोंडअळी निर्दोष ठरत नाही. एखादे कार्य पूर्वी अन्य कारणाने घडले, म्हणून आज ते या कारणाने घडत नाही, असे अनुमान काढता येत नाही. ही व्याप्ती सिद्ध झालेली नाही. शिवाय ज्या थंड कालखंडाचा आधार घेतला आहे, त्या थंडाव्यातही कारखान्यांतून निघालेल्या गंधकयुक्त सूक्ष्म कणांचा, म्हणजे मनुष्याचाच, मोठा वाटा होता, असे शास्त्रज्ञ मानतात.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. डॉ. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या दैनिक पर्जन्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेल्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत बुलढाणा जिल्हा येतो. हंगामाच्या एकूण पावसात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु अतिवृष्टीचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे कमी झाले होते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले. म्हणजे बेरीज तीच राहिली, पण वाटणी बदलली. पिकाचे जीवन बेरजेवर नव्हे, वाटणीवर अवलंबून असते. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने शेते खरडून गेली. ती एक घटना कोणताही सिद्धान्त सिद्ध करीत नाही. पण वाटणी बिघडणे म्हणजे काय, हे तिच्यावरून कळते.

येथे ‘नैसर्गिक चढउतार’ या शब्दप्रयोगाकडे वळले पाहिजे. तो वर्णन म्हणून यथार्थ आहे, परंतु डॉ. खांडेकरांच्या युक्तिवादात तो हळूहळू कारणाची जागा घेतो. एल निनो हे एका वर्षाच्या अवर्षणाचे कारण असू शकते. परंतु एल निनो येतो आणि जातो, त्याने सत्तर वर्षांची एकाच दिशेची चाल उलगडत नाही. सूर्य अधिक तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापला व वरचा थंडावला, आणि हरितगृहवायूंच्या वाढीचे हेच चिन्ह होय. न्यायदर्शनात सोळा पदार्थांत संशयाची गणना आहे, आणि निर्णयाचीही. जो संशय कोणत्या पुराव्याने निवर्तेल हे सांगत नाही, तो निर्णयाकडे पोहोचत नाही.

आपली भाषाही या सरमिसळीस हातभार लावते. शालेय भूगोलात ‘हवा’ म्हणजे अल्पकालीन स्थिती व ‘हवामान’ म्हणजे दीर्घकालीन सरासरी, असा भेद शिकविला जातो; व्यवहारात मात्र उद्याच्या पावसाचा अंदाज देणारे खातेही ‘हवामान’ खातेच आहे. त्यामुळे ‘हवामान दर वर्षीच बदलते’ हे वाक्य एका अर्थी खरे असून दुसऱ्या अर्थाच्या प्रश्नास उत्तर म्हणून पुढे येते. भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला ‘यंदा’चे भाकीत करते, तिचा प्रश्न एका वर्षाचा असतो. हवामानबदलाचा प्रश्न पिढीचा आहे, आणि त्यासाठी आपल्याजवळ रूढ असा वेगळा शब्द नाही.

सारांश, डॉ. खांडेकरांचा आढावा प्रत्येक महापुराचे खापर घाईने तापमानवाढीवर फोडणाऱ्यांना योग्य आवर घालतो, आणि तेवढ्यापुरता तो वाचनीय व उपकारक आहे. परंतु ‘पूर्वीही असेच होत असे’ यावरून ‘पुढेही तितकेच होईल’ असे जो मानील, तो शेतातील बांध, नाल्यावरील पूल आणि पेरणीचा दिवस जुन्याच मापाने ठरवील. त्या मापाची चूक भरून देण्याची पाळी बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर येईल.