परक्याचा चेहरा

फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनीं १९९९ ते २००१ या काळांत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील वाटसरूंचीं छायाचित्रें त्यांच्या नकळत दुरून घेतलीं. उंचावरील दिव्याचा झोत पडतो आणि गर्दींतला एकच चेहरा काळोखांतून उजळतो. ‘हेड्स’ ही चित्रमाला सुंदर आहे, यांत संशय नाहीं.

तींतील एका सनातनी यहुदी गृहस्थांनीं, आपल्या प्रतिमेचा असा वापर धर्मविरुद्ध आहे म्हणून, दावा लावला. विकलें गेलें तरी चित्र ही कलाच होय, असें ठरवून न्यायालयानें तो २००६ सालीं फेटाळला. निकाल आम्हांस योग्य वाटतो. प्रत्येकाची संमति लागली तर रस्त्याचें चित्रणच थांबेल.

परंतु कायद्याची मुभा हा कांहीं कलेचा गुण नव्हे. वॉकर इव्हान्स यांनींहि १९३८ पासून कोटांत कॅमेरा लपवून भुयारी रेल्वेंतील उतारू टिपले. त्यांचें पुस्तक मात्र १९६६ मध्यें निघालें. शिवाय त्या चित्रांत शेजारचा उतारू, हातांतलें वर्तमानपत्र, सारें दिसतें. डिकोर्सियांचा दिवा ही सोबतच पुसून टाकतो. आपण ज्यास त्या माणसाचें एकाकीपण म्हणतों, तें पुष्कळसें दिव्याचें असतें. चेहरा चोरलेला नाहीं, एवढें न्यायालय सांगूं शकतें. तो उसना घेतला होता, ही जाणीव चित्रांतच दिसावी लागते.