व्यवहारातले शब्द आणि भाषांतराची कसोटी

भाषांतराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा काव्याच्या किंवा तत्त्वविचाराच्या भाषांतराभोवती फिरत राहते. रसाला, ध्वनीला किंवा मोक्षाला परभाषेत कोणता शब्द योजावा, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वस्तुतः पारिभाषिक संज्ञेला प्रतिशब्द घडवता येतो, आणि एकदा घडवला की कोशात नोंदवून निश्चिंतही होता येते. भूक लागणे, निरोप घेणे, नात्याने हाक मारणे यांचे शब्द मात्र कोणी घडवीत नाही. ते आधीच असतात आणि प्रत्येक भाषेत निराळ्या जागी असतात. इंग्रज माणूस आपण ‘भुकेला आहोत’ असे सांगतो, तर फ्रेंच माणूस आपल्यापाशी भूक ‘आहे’ असे सांगतो. जोराचा पाऊस आला म्हणजे इंग्रजीत कुत्री-मांजरे पडतात, फ्रेंचमध्ये दोर पडतात आणि मराठीत मुसळाएवढ्या धारा. इंग्रजीत ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय. त्याच कुळातला फ्रेंच ‘लिब्रेरी’ हा शब्द पुस्तकांच्या दुकानाचा वाचक आहे. शेकडो वर्षांचा शेजार असलेल्या या दोन भाषांत भाषांतरकार अडखळतो तो बहुतेक अशा ठिकाणी.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार करण्यास कावेरीकाठासारखे दुसरे क्षेत्र नाही. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्या गावाला शाहजीराजपुरम् असे नाव पडले. ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित तेथलेच. अय्यावाळ या नावाने लोक ज्यांचे आजही स्मरण करतात, त्या श्रीधर वेंकटेशांनी या राजावर ‘शाहेन्द्रविलास’ हे संस्कृत काव्य रचले. राजाची घरची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, दरबारी संगीताची व नाटकाची मुख्यतः तेलुगू, आणि विद्वत्सभेची संस्कृत. या चार भाषा एकाच परिसरात नांदत होत्या, आणि राजा स्वतः त्यांपैकी अनेकींत लिहीत होता. त्याच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात हिंदीसह पाच भाषा एकाच रंगभूमीवर येतात. तेथे एका भाषेतील बोलणे दुसरीत उतरवण्याची गरजच ठेवलेली नाही. ज्याची जी भाषा ती त्याने बोलावी आणि प्रेक्षकांनी समजून घ्यावी, असा तो संकेत आहे. भाषांतराच्या प्रश्नाला दिलेले हे एक उत्तरच म्हणावे लागेल, परंतु ते बहुभाषी प्रेक्षक गृहीत धरणारे उत्तर आहे.

संस्कृतचा आधार असल्यामुळे या भाषांत परस्परांचे शब्द सहज कळत असतील, असा समज होण्याचा संभव आहे. खरी फसगत होते ती तेथेच. तमिळ घरात ‘कल्याणम्’ म्हणजे लग्न. मराठी घरात ‘कल्याण’ म्हणजे बरे होणे, भले होणे. तमिळ ‘अवसरम्’ म्हणजे घाई. मराठी ‘अवसर’ म्हणजे सवड, संधी. म्हणजे अर्थ जवळजवळ उलटाच झाला. मराठी माणूस ‘संसार’ करतो, तर तमिळ बोलीत ‘संसारम्’ ही घरची गृहिणी असते. शहाजीराजांच्या मराठी नाटकाचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकाला एखाद्या मंगलचिंतनासारखे वाटेल. तंजावरच्या प्रेक्षकाला मात्र त्यातून सरळ लग्नच दिसे. शीर्षक मराठी, पण शब्दाचा व्यवहार दक्षिणेचा! हे नाटक मराठी वाङ्मयेतिहासात वाचताना ही गोष्ट ध्यानात न घेतली, तर पहिल्याच शब्दापाशी वाट चुकते.

याच राजाच्या नावावर ‘शब्दरत्नसमन्वय’ हा नानार्थकोश आहे. एकाच संस्कृत शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा हा ग्रंथ १९३२ साली बडोद्याहून गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मात्र नानार्थकोशाची जी परंपरा आहे, तिची दृष्टी ग्रंथांतील अर्थांकडे असते. तोच शब्द स्वयंपाकघरात, बाजारात, बांधावर जाऊन कोणते वळण घेतो, याची नोंद ती करीत नाही, आणि भाषांतरकाराला नेमकी तीच हवी असते.

शब्दांनी जेथे दगा दिला तेथे वाक्याच्या घडणीने साथ दिली, हे या शेजाराचे दुसरे अंग होय. तमिळमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत: ऐकणाऱ्याला वगळून ‘नांगळ्’, त्याला सामावून घेऊन ‘नाम्’. मराठीतही हा भेद जसाच्या तसा आहे. संस्कृतातील ‘वयम्’ला तो ठाऊक नाही, इंग्रजी ‘वुई’ला नाही, फ्रेंच ‘नू’लाही नाही. याचा अर्थ असा की, तिरुविसनल्लूरच्या पंडिताला आपल्या शास्त्रभाषेत जो भेद दाखवणे कठीण होते, तो मराठी राजा आणि तमिळ शेतकरी आपापल्या घरच्या भाषेत रोज सहजपणे दाखवीत होते. भूकही दोघांना सारखीच ‘लागते’: आपण ‘मला’ म्हणतो, तमिळ माणूस ‘एनक्कु’ म्हणतो. दोन्हींत माणूस भुकेचा धनी नसतो. भूक त्याच्याकडे येते. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणे अशुभ मानतो. तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन्’, म्हणजे ‘जाऊन येतो’ म्हणतो. नात्यांचेही तसेच. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. मराठी सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आली. तमिळ सूनही ‘मामा’ आणि ‘अत्तै’ याच नात्यांनी हाक मारते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न होण्याची रूढी या हाकांमागे उभी आहे.

आता एखाद्या तमिळ कादंबरीचा विचार करावा. ती प्रथम इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आली, तर काय घडते? ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ यांचे एकच ‘वुई’ होते, आणि मराठी अनुवादकाला ‘आम्ही’ की ‘आपण’ हे अंदाजाने ठरवावे लागते. भावांच्या वाटणीच्या प्रसंगात धाकटा ‘आपले शेत’ म्हणतो की ‘आमचे शेत’, यावर सगळा प्रसंग तोललेला असू शकतो. ‘अण्णन्’चा ‘ब्रदर’ आणि ‘ब्रदर’चा ‘भाऊ’ होतो, थोरलेपण वाटेत गळते; वास्तविक ‘अण्णा’ हा शब्द आपल्या दाराशीच उभा होता. ‘अत्तै’ची ‘आंट’ होते, आणि तिची मावशी करावी, काकू करावी की आत्या, असा प्रश्न पडतो. ‘पोयिट्टु वरेन्’चा ‘गुडबाय’ आणि त्याचा ‘निरोप’ होतो. परत येण्याचे आश्वासन नाहीसे होते. शेवटी मराठी पानावर एखादे पात्र ‘मी भुकेला आहे’ असे म्हणते! दोन सख्ख्या शेजाऱ्यांनी सातासमुद्रापलीकडच्या दुभाष्याकरवी बोलावे, तसा हा प्रकार होय.

हा मार्ग नवा नाही. बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (१८२८) हे मराठी मुद्रित गद्याच्या आरंभकाळातले पुस्तक. बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे मुलांसाठीचे लेखन इंग्रजीत गेले आणि तेथून मराठीत आले. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ असा तू-तुम्हीचा भेद आहे. इंग्रजी ‘यू’मध्ये तो उरला नव्हता. मराठीत तो पुन्हा करणे भागच होते, कारण मूल वडिलांशी कसे बोलते हे ठरवल्यावाचून मराठी वाक्य पुरे होत नाही. मुळात असलेली गोष्ट मध्यस्थाकडे हरवली आणि अखेरच्या भाषेत अनुमानाने उभी करावी लागली.

या पार्श्वभूमीवर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा (कारकीर्द १७९८ ते १८३२) उद्योग विशेष लक्षणीय वाटतो. त्यांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. तो इंग्रजीतून आलेला मार्ग होता. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकाचा मार्ग मात्र अगदी वेगळा आहे. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. त्यातली भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री आपण पाहिलेले डोंगर, नद्या, देश अभिमानाने वर्णन करते. सरफोजींनी तिच्याच तोंडी जगाचा नवा भूगोल घातला. पाश्चात्त्य विद्या मराठीत आणताना त्यांनी शब्दाला शब्द शोधीत न बसता, ज्या लोकांना ते सांगायचे त्यांच्या ओळखीची बोलणारी व्यक्ती शोधली. देशोदेशीची नावे सांगणे हा तिचा परंपरेने चालत आलेला हक्कच होता. वाक्प्रचाराचे भाषांतरही याच न्यायाने व्हावे: मुळातले शब्द कोणते, याच्या आधी ते कोण, कोणापाशी आणि कोणत्या नात्याने बोलते, हे पाहिले पाहिजे.

इंग्रजीच्या मध्यस्थीने होणारी भाषांतरे त्याज्य ठरवावीत, असा याचा अर्थ नाही. त्यांच्यावाचून रशियन किंवा फ्रेंच साहित्याचा मोठा भाग मराठी वाचकाला मिळालाच नसता. परंतु जेथे मूळ भाषा शेजारची आहे आणि ती घरी-बाहेर बोलणारे मराठी भाषक आजही तमिळनाडूत आहेत, तेथे ही मध्यस्थी निरुपाय म्हणून स्वीकारणे योग्य नव्हे. १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले. तेथली मराठी घरे राहिली, पण त्यांच्या मराठीचा वापर पिढीगणिक आक्रसत गेला. ही मराठी बोलीच्या अभ्यासकांनी नोंदवलेली एक चीज म्हणून उरण्याआधी अनुवादकांनी तिच्याकडे जावे. निदान सर्वनामे, नाती आणि निरोपाचे शब्द तरी मुळाशी ताडून घ्यावेत. तेवढे केले तरी मराठी पानावरचा तमिळ माणूस घरातून निघताना ‘येतो’ म्हणेल.