एमपीआय प्रमाणक आणि आधुनिक महासंगणक : एक चिकित्सा
१९९४ मध्ये सिद्ध झालेल्या एमपीआय प्रमाणकाने समांतर संगणनाला सामाईक परिभाषा दिली. स्वतंत्र स्मृती असलेल्या प्रक्रियांनी परस्परांना संदेश पाठवावेत, हे त्याचे मूळ गृहीतक होय. २०२२ मध्ये एक्झास्केलचा टप्पा ओलांडणाऱ्या ‘फ्रंटियर’ महासंगणकात मात्र बहुतांश गणन जीपीयूवर होते. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीने नोडमधील सामायिक स्मृतीची, तर २०२१ च्या चौथ्या आवृत्तीने संदेश भागाभागाने पाठविण्याची सोय केली. तथापि जीपीयूने स्वतः संदेश सुरू करण्याची तरतूद २०२५ च्या पाचव्या आवृत्तीतही नाही. सीपीयूच्या मध्यस्थीसाठी जीपीयूला पुष्कळदा खोळंबावे लागते. जुन्या आज्ञावली अबाधित राखणे हे या प्रमाणकाचे सामर्थ्य खरे. परंतु संवादाचा प्रारंभ कोणी करावा, हा मूलभूत प्रश्न केवळ पुरवण्या जोडून सुटणारा नाही.