होडीतून दिसणारं पाणी

आपल्यातल्या एका पोरानं मुखपृष्ठासाठी चित्र आणून दिलं. अख्खं पान काळं. काळ्या पाण्यातून वर आलेला एक हात, खाली अर्धवट बुडालेलं तोंड. चित्र जोरदार आहे, खोटं कशाला बोला. पण ते कुठून आलंय तेही मला ठाऊक आहे. गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची दान्तेच्या ‘इन्फर्नो’साठी काढलेली चित्रं १८६१ साली छापली गेली. त्यातलं एक स्टिक्सचं, म्हणजे नरकातल्या चिखलाच्या पाण्याचं. होडीत दान्ते आणि त्याचा वाटाड्या व्हर्जिल. भोवती नागडी माणसं गटांगळ्या खातायत. एकजण होडीचा काठ धरतो, आणि व्हर्जिल त्याला परत पाण्यात ढकलतो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. लहानपणी विहिरीवरून हाकलला गेलेला माणूस मी; काठ धरणारा तो हात मला आपलाच वाटला. मग दान्ते वाचला आणि तोंडावर आपटलो. तो हात फिलिप्पो आर्जेन्तीचा. फ्लॉरेन्सचा माजोरडा उमराव. बोकाच्चिओ सांगतो, हा गडी घोड्याला चांदीचे नाल ठोकायचा. म्हणजे मी हळहळलो कुणासाठी, तर एका बड्या घरच्या मस्तवालासाठी!

दोरेचं काळं असं फसवतं. पाण्यात पडला की माणसाचे कपडे जातात, घोडा जातो, नाव जातं. उरतं नुसतं बुडणं, आणि बुडणाऱ्याची दया येतेच. दान्तेला ती आली नाही. याला आणखी बुचकळलेला बघायचाय, असं तो व्हर्जिलला सांगतो. क्रूर आहे, पण पाण्यात कोण आहे हे त्याला माहीत होतं.

जाता जाता कारागिरीचं. लाकडी ठशात जिथं हत्यार लागत नाही तिथं काळं उमटतं. पांढरी रेघ न् रेघ कोरावी लागते. ठशावर काढायचा दोरे, कोरायचे पिझाँसारखे कारागीर. म्हणजे त्या पानावर मजुरी पडलीय ती उजेडाला. आपल्या स्टेन्सिलचं उलटं, ओरखडा काढला तिथंच शाई उतरते. आमच्या पोरानं एवढं काळं मागितलंय की स्टेन्सिल फाटून हातात येईल.

दान्तेशी माझं भांडण वेगळंच आहे. त्याच चिखलाच्या तळाशी दुसरी माणसं आहेत. वर उजेड असताना ही आतून खिन्न राहिली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांचं बोलणं गळ्यातच घुरघुरतं, वर येतात ते बुडबुडे. खचलेल्याला नरकात टाकायचं आणि का खचला ते विचारायचं नाही? हे मला मान्य नाही. आणि दोरेच्या या होडीच्या चित्रात ती माणसं दिसतच नाहीत. नजर पाण्याच्या वरच थांबते, होडीतल्या माणसाची थांबावी तशी.

विल्यम ब्लेक मात्र खाली उतरला. १८२४ पासून १८२७ साली मरेपर्यंत त्यानं दान्तेवर १०२ चित्रं केली, बरीचशी अपुरीच. त्यातल्या स्टिक्सच्या चित्रात वर मारामारी करणारे आहेत, आणि पाण्याखाली ते खिन्न लोकही आहेत. बुडबुड्यांना तिथं तोंडं मिळाली.

मी पोराला विचारलं, हा हात कुणाचा रे? म्हणाला, कुणाचाही. म्हटलं, कुणाचाही असेल तर आर्जेन्तीचाही असेल. होडीत कोण बसलंय ते काढ, नाहीतर पाण्याखाली उतरून काढ. पोरगं रागावलं, चित्र उचलून गेलं. जाताना ब्लेकचं पुस्तक मात्र मागून नेलं.