फुटांवर मोजलेली शिल्पकला

पुतळा उभारायचा ठरला की समितीच्या पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, ‘किती फुटी?’ शिल्पकार कोण, मुद्रा कोणती, जागा कशी आहे, माणसे तो कुठून पाहणार हे प्रश्न नंतर येतात, पुष्कळदा येतच नाहीत. उंची ठरते, तिच्यावरून अंदाजपत्रक बनते, अंदाजपत्रकावरून निविदा निघते आणि निविदेतून शिल्पकार मिळतो. महाराष्ट्रातल्या स्मारकशिल्पाची आजची अवस्था मला या क्रमात दिसते. आपल्याकडे हातात कसब असलेले शिल्पकार कमी नाहीत. तरीही चौकाचौकांत ओबडधोबड, निर्जीव पुतळे उभे राहतात, कारण पैसा कुठे खर्च करायचा याचा निर्णय कलेला कधी विचारलाच जात नाही. पुतळ्याचे अंदाजपत्रक हा हिशेबनिसाचा कागद समजला जातो. माझ्या मते तो त्या शिल्पाचा पहिला आराखडा असतो, आणि पुतळा बरा होणार की वाईट हे त्यातच अर्धेअधिक ठरून जाते.

आधी उंचीचेच गणित पाहू, कारण ते समित्यांना कोणी समजावून देत नाही. पुतळ्याची उंची दुप्पट केली की त्याचा पृष्ठभाग चौपट होतो आणि आतल्या मातीचे आकारमान आठपट. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, म्हणून धातूचा हिशेब पृष्ठभाग आणि जाडी यांवर चालतो. कपड्यांसह उभ्या असलेल्या सहा फुटी आकृतीचा पृष्ठभाग ढोबळमानाने अडीच चौरस मीटर धरा. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला चौरस मीटरमागे सुमारे ५३ किलो ब्राँझ लागते, म्हणजे पुतळ्यात १३० किलोच्या आसपास धातू गेला. तीच आकृती बारा फुटी केली तर त्याच जाडीला सव्वापाचशे किलो लागतील. पण एवढ्या आकाराला सहा मिलिमीटर पुरत नाहीत. आठ केले की आकडा सातशेवर जातो. यात वेल्डिंग, आतला सांगाडा आणि ओतताना वाया जाणारा धातू धरलेला नाही. वाऱ्याचे गणित याहून कडक आहे. उंची दुप्पट झाली की पुतळ्याला पायातून उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. त्यामुळे ‘नऊ फुटीचे एवढे, तर बारा फुटीचे त्याच्या सव्वापट’ हा बैठकीत मांडला जाणारा हिशेब मुळातच चुकलेला असतो, आणि ती चूक कोणाला तरी कुठून तरी भरून काढावी लागते.

ती भरून काढली जाते जाडीतून. पुतळा बसल्यावर धातू किती जाड आहे हे रस्त्यावरून दिसत नाही. त्यात तांब्याचा भाव एका जागी राहत नाही. २०२० च्या मार्चमध्ये लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला पाच हजार डॉलरच्या खाली होते. २०२४ च्या मे महिन्यात त्याने अकरा हजारांची पातळी ओलांडली. शिल्पकामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका ब्राँझ मिश्रणात ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी पाच टक्के असते. वर्षानुवर्षे लोकवर्गणी गोळा होते आणि जुन्या भावाने ठरलेली रक्कम शिल्पकाराच्या हातात पडते. भाव चढला तर वाढीव रक्कम मिळेल अशी अट करारात नसते. अशा वेळी प्रामाणिक शिल्पकार आपली मजुरी सोडतो आणि दुसरा पत्रा पातळ करतो. दोघांनाही या कोंडीत लोटणारा कागद मात्र समितीने लिहिलेला असतो. धातूचा दर वजनावर आणि ओतकामाच्या दिवशीच्या बाजारभावावर बांधून घेणे, पुतळ्याचे वजन समितीसमोर काट्यावर करणे, या गोष्टी अवघड नाहीत. त्या करारात लिहिल्या जात नाहीत, एवढेच.

उंचीच्या हट्टाने आकृतीचे काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईजवळच्या समुद्रात नियोजित असलेल्या शिवस्मारकाचे. २०१८ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांनुसार खर्च आटोक्यात आणताना पुतळ्याची उंची ८३.२ मीटरवरून ७५.७ मीटर करण्यात आली आणि तलवारीची लांबी ३८ मीटरवरून ४५.५ मीटर. एकूण १२१.२ मीटरचा आकडा तसाच राहिला. शिल्पात हात, शस्त्र आणि देह यांचे परस्परप्रमाण हाच सगळा तोल असतो. तो तोल एक आकडा राखण्यासाठी बदलता येतो, असे ठरवताना खोलीत शिल्पकाराचा शब्द किती चालला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. इंदू मिलच्या जागेवरील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची उंचीही कल्पनेच्या टप्प्यानंतर २५० फुटांवरून ३५० फूट झाली आणि प्रकल्पाचा अंदाज ७६३ कोटींवरून १,०८९ कोटींच्या घरात गेला. तिथे निदान पंचवीस फुटी प्रतिकृती करून चेहरा, मुद्रा, वस्त्र यांवर सूचना घेण्याची वाट ठेवली गेली. ही वाट सर्वत्र हवी.

शंभर वर्षांपूर्वीचे चित्र सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. पुण्यात शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याची कोनशिला १९२१ मध्ये बसली आणि पुतळ्याचे अनावरण १९२८ मध्ये झाले. मधल्या काळात शाहू महाराज गेले, काम रेंगाळले, आणि शेवटी विनायकराव करमरकर यांच्याकडे आले तेव्हा हातात वेळ थोडा होता. पण करमरकरांनी १९२० नंतरची वर्षे लंडनमध्ये शिकण्यात घालवली होती आणि तिथे ओतकामाची बाजूही पाहिली होती. सुमारे साडेतेरा फुटांचा तो पुतळा त्यांनी मुंबईच्या माझगाव गोदीत ओतवून घेतला. त्या घोड्याच्या मानेचा ताण, स्वाराची बैठक, लगामावरचा हात आजही पाहण्यासारखा आहे. साडेतेरा फूट! आज जिल्ह्याच्या गावची समितीही या उंचीला होकार देताना कचरेल. गिरगाव चौपाटीवर रघुनाथराव फडक्यांनी घडवलेले टिळक आहेत, गेटवेसमोर सदाशिव साठ्यांनी घडवलेले शिवराय १९६१ पासून आहेत. माणूस त्यांच्याजवळ जाऊन चेहरा पाहू शकतो. शिल्पकार तालीम यांनी संगमरवरात घडवलेले शिर्डीचे साईबाबा १९५४ पासून कोट्यवधी लोकांनी पाहिले आणि त्यांच्या मनातले साईबाबांचे रूप त्याच मूर्तीतून घडले. त्या मूर्तीची ताकद आकाराची नाही. ती गुडघ्यावर टाकलेल्या पायाच्या आणि थेट पाहणाऱ्या डोळ्यांच्या निरीक्षणाची आहे. निरीक्षणाला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात.

म्हणून माझा आग्रह मातीच्या टप्प्यावर आहे. शिल्पकाराची खरी कला तिथेच घडते. पुढचे सगळे, म्हणजे साचा, मेण, ओतकाम, जोडकाम, घासकाम, रंगछटा, हे मातीत जे आले ते जपण्याचे कौशल्य. ते मोठे कौशल्य आहे, पण मातीत जे आलेच नाही ते त्यातून येणार नाही. शाडूत किंवा क्लेमध्ये पूर्ण आकाराचा पुतळा उभा करणे म्हणजे आत लोखंडी सांगाडा, त्यावर टनावारी माती, ती ओली ठेवण्यासाठी रोजची ओलावणी, मदतनिसांची मजुरी आणि उंच छताची, उत्तरेकडून उजेड येणारी जागा. या काळात शिल्पकाराने व्यक्तीची छायाचित्रे मिळवायची, घरच्यांना भेटायचे, चालण्याबोलण्याची लकब विचारायची, चेहरा पुन्हा मोडून पुन्हा घडवायचा. शिक्षणसंस्थेच्या संस्थापकाचा साधा अर्धपुतळा असला, तरी एकच धूसर छायाचित्र हाती देऊन ‘पुण्यतिथीला बसवायचाय’ असे सांगितले की चेहरा ओळखीचा येतो, माणूस येत नाही. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत चबुतरा, ग्रॅनाइट, बाग, कारंजे, रोषणाई यांना स्वतंत्र ओळी असतात आणि मातीच्या कामाला एकही ओळ नसते. ते ‘पुतळा बनवणे’ या एकाच ओळीत गडप झालेले असते. सरकारी दरसूचीत विटेच्या बांधकामाला दर आहे, चेहऱ्यावरच्या कामाला नाही. मग सगळ्यात कमी दर भरणारा कंत्राटदार ते काम घेतो, पोटकंत्राट शिल्पकाराला देतो, आणि शिल्पकाराच्या वाट्याला येते ती उरलेली रक्कम.

मालवणच्या राजकोटला जे घडले त्याबद्दल पुष्कळ राजकीय बोलून झाले. मला त्यातली शिल्पकामाची बाजू बोलायची आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. म्हणजे नऊ महिनेही उभा राहिला नाही. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, उभा राहिला तो सुमारे ३५ फुटी पुतळा. उंची जवळजवळ सहापट झाली की पृष्ठभाग चौतीस-पस्तीसपट होतो. नमुना पाहून चेहरा, पोशाख, प्रमाण यांवर मत देता येते. एवढ्या पृष्ठभागावर समुद्राचा वारा आदळेल तेव्हा घोट्यापाशी काय होईल, हे त्यावरून सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी संरचना अभियंता लागतो आणि त्याचे शुल्क अंदाजपत्रकात लागते. पुतळा पडण्याच्या काही दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजल्याचे पत्राने कळवले होते. चौकशीत गंज, चुकीचा सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आली. खारट दमट हवेत ब्राँझ आणि साधे लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड झपाट्याने खाल्ले जाते, हे धातुशास्त्रातले प्राथमिक ज्ञान आहे. त्याच जागी २०२५ मध्ये साठ फुटी नवा पुतळा उभा राहिला, वीस कोटींच्या आसपासच्या निविदेतून, आणि त्यात टिकाऊपणाची व देखभालीची अट घातली गेली. या अटी पहिल्या वेळी नव्हत्या, याची किंमत महाराष्ट्राने पैशापेक्षा मोठ्या गोष्टीत मोजली. आपल्या राजाची प्रतिमा तुकड्यांत पडलेली ज्यांनी पाहिली त्यांना ते विसरता येणार नाही.

हा धडा नवाही नव्हता. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला तांब्याचा पत्रा आणि आत आयफेलने आखलेला लोखंडी सांगाडा आहे. दोन धातू वेगळे ठेवण्यासाठी मध्ये थर दिला होता, तो काळाने निकामी झाला, लोखंड गंजले आणि १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत आतल्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. त्याच पुतळ्याची दुसरी कथा चौथऱ्याची. पुतळा फ्रान्समध्ये तयार होता आणि अमेरिकेत चौथऱ्याला पैसे नव्हते. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या वृत्तपत्राने आवाहन करून एक लाखाहून अधिक डॉलर जमवले, त्यातल्या बहुतेक देणग्या एका डॉलरहून कमी होत्या. आपल्या लोकवर्गणीला हे ओळखीचे वाटेल. फरक असा, की आपल्याकडे बहुधा चौथरा आधी बांधून होतो, भव्य होतो, आणि पुतळ्याला उरेल ते मिळते.

ज्यांच्याकडे पैसा खरोखरच कमी आहे त्यांना मी दोन गोष्टी सांगेन. पूर्ण पुतळ्याऐवजी अर्धपुतळा घ्या आणि तो उत्तम घ्या. आणि ब्राँझ परवडत नसेल तर फायबरला ब्राँझचा रंग देऊन उघड्यावर ठेवू नका. उन्हाने रंग उडतो, पृष्ठभाग भुकटी सोडू लागतो, सांध्यांना तडे जातात. फायबर छताखाली, सभागृहात, संग्रहालयात ठीक आहे. उघड्यावर दगड आहे. महाराष्ट्रात काळ्या दगडाची उणीव नाही आणि तो घडवणारे हातही आहेत.

शासनाने करायची गोष्ट याहून सोपी आहे. शिल्पकाराची निवड आणि धातूकामाची निविदा वेगळी करा. निवडीसाठी तीन-चार शिल्पकारांना नमुन्याचे मानधन द्या. हरलेल्यालाही ते मिळाले पाहिजे, कारण नमुना हे कामच आहे. निवड झाल्यावर मातीच्या पूर्ण आकाराला पुरेसे महिने द्या, तो पाहायला शिल्पकला कळणारी माणसे पाठवा, आणि त्यानंतरच ओतकामाचा दर बांधा. अनावरणाची तारीख ओतकाम पूर्ण झाल्यावर ठरवा. रकमेचे हप्ते या टप्प्यांना जोडा. साच्याचे काय करायचे हेही करारात लिहा. आज एकाच साच्यातून निघालेला पुतळा किरकोळ बदल करून अनेक गावांत बसतो आणि ज्याने तो मातीत घडवला त्याला त्याची वार्ताही नसते. कलाकाराचा त्याच्या कृतीवरचा नैतिक हक्क विकल्यावरही राहतो, हे अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या खटल्यात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

अंदाजपत्रकातली शेवटची ओळ देखभालीची. वर्षातून एकदा साध्या पाण्याने धुणे, मेणाचा थर देणे, पायथ्याचे पाणी निचरते का आणि सांगाड्याचे बोल्ट शाबूत आहेत का हे पाहणे, एवढेच ते काम. त्याला रक्कम थोडी लागते, पण ती अनावरणाआधीच बाजूला काढून ठेवावी लागते. अनावरणानंतर समिती विसर्जित होते आणि पुतळा पालिकेच्या बागकाम विभागाच्या ताब्यात जातो. जयंतीला त्याला नळीने धुतात, कुठे कुठे वरून सोनेरी रंगही मारतात. ब्राँझवर वर्षांनी चढलेली हिरवट-तपकिरी छटा त्या एका डब्याने संपते, आणि ती परत आणायला पुन्हा शिल्पकाराकडेच जावे लागते.