आबाजींची खाली गेलेली मान

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट मराठी मुलांना कुणी समोर बसवून सांगावी लागत नाही. गणपतीतला देखावा, शाळेचं स्नेहसंमेलन, शिवजयंतीचं व्याख्यान, कुठून तरी ती कानावर पडलेली असतेच. त्यामुळे गंमत अशी होते की गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि वाचलेली कुणीच नसते. शेवटचं वाक्य ठाऊक असतं, टाळी कुठे वाजवायची तेही ठाऊक असतं. मधल्या जागांवर मात्र कुणी थांबलेलं नसतं.

भिवंडीतल्या मुलांना तर ती घरचीच गोष्ट. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजीराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी एकाच मोहिमेत घेतली. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीत झाली आणि तिच्यावर नजर ठेवायला दुर्गाडी किल्ला बांधला गेला. भिवंडीहून कल्याणला जाणारं पोर पुलावरून तो रोज पाहतं. शूर सरदार, वेढलेला किल्ला, संकटात सापडलेली स्त्री हे सारं इंग्रजी पुस्तकांतल्या आर्थर राजाच्या दरबारातच शोधायला हवं असं नाही. आर्थरला मी पुढे बोलावणार आहेच, कारण त्याच्या शेजारी ठेवली की आपली गोष्ट जास्त स्पष्ट दिसते.

आधी गोष्ट. आबाजी सोनदेव कल्याणचा खजिना हस्तगत करतात. त्या लुटीत सुभेदार मुल्ला अहमद याची तरुण, देखणी सूनही हाती लागते. आबाजी तिला दरबारात आणतात आणि महाराजांना नजराणा म्हणून पेश करतात. महाराज तिच्याकडे पाहतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात की आमच्या आईसाहेब इतक्या सुंदर असत्या तर आम्हीही असेच देखणे निपजलो असतो. दरबार चकित होतो, आबाजींची मान खाली जाते. मग साडीचोळी आणि दागिने देऊन तिची सन्मानाने पाठवणी होते.

हे घडलं का, असं मुलं विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर द्यावं. समकालीन कागदपत्रांत हा प्रसंग सापडत नाही; तो येतो पुढच्या काळातल्या बखरींतून. इतिहासाची पुस्तकं या मोहिमेच्या संदर्भात दादाजी बापूजींचं नाव घेतात, दंतकथा आबाजींचं. मुल्ला अहमद मात्र खरा. विजापूर दरबारातला हा मोठा सरदार कोकण किनाऱ्यावरच्या नवायत समाजातला होता. राजांनी त्याला आदराने वागवून परत पाठवल्याचं ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवलं आहे. आणि ज्याने राजांचा उल्लेख शिवीगाळ केल्याशिवाय सहसा केला नाही, तो मोगल इतिहासकार खाफीखानसुद्धा कबूल करतो की मशीद, कुराण आणि कुणाचीही स्त्री यांना हात लावायचा नाही असा या माणसाचा नियम होता. प्रसंगाला पुरावा नाही. प्रसंग ज्या स्वभावातून सुचला त्याला शत्रूची साक्ष आहे. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो. न समजणारे बहुधा मोठे असतात.

आता ते प्रसिद्ध वाक्य. आपण ते इतक्या गंभीर आवाजात ऐकत आलो आहोत की त्यातला विनोद हरवून गेला. राजे स्वतःच्या रूपावर हसत आहेत! भर दरबारात, विजयाच्या दिवशी, तरणाबांड राजा म्हणतो की आम्ही काही देखणे नाही. युरोपच्या सरदारकथांत असं हसू मला क्वचितच भेटलं. तिथला वीर लढतो, शपथ घेतो, प्रेमात झुरतो. स्वतःची थट्टा करणं त्याला जमत नाही. ते काम पुढे स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतेसला करावं लागलं आणि त्यासाठी त्याला वेडा म्हातारा निर्माण करावा लागला. आपल्या दंतकथेने नायकालाच हे शहाणपण दिलं. आबाजींना झापलं असतं तर दरबारात भीती पसरली असती, शिवाय त्या बाईच्या देखत तिच्या अब्रूची चर्चा झाली असती. एका हलक्या वाक्याने दोन्ही टळलं.

त्या वाक्यात आणखी एक काम उरकलेलं आहे. शब्दांनी राजे तिला आईच्या जागी बसवतात. पुढे साडीचोळीने पाठवणी करतात, म्हणजे कृतीने ती लेक होते. माहेरची बोळवण जशी होते तशीच ही. नजराणा म्हणून आत आलेली बाई बाहेर पडेपर्यंत आई झाली आणि लेकही झाली. या दोन नात्यांच्या मध्ये तिसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच उरत नाही. ज्या कुणा कथेकऱ्याला हे सुचलं त्याला मराठी घर आतून माहीत होतं. भिवंडीत मी ही गोष्ट सांगत असताना एका पोरीने लगेच हरकत घेतली, की विजापूरच्या सरदाराची सून साडी कशाला नेसेल? खरं आहे. पण गोष्ट सांगणाऱ्याला सन्मानाची हीच रीत ठाऊक होती आणि त्याने ती परक्या घरच्या सुनेलाही लावली. त्याची ही चूक मला फार गोड वाटते.

इथवर बहुतेक सांगणारे येतात आणि टाळी घेऊन थांबतात. माझ्या मते गोष्टीचा खरा मध्य पुढे आहे आणि तो सिंहासनावर नाही. तो आबाजींच्या खाली गेलेल्या मानेत आहे.

विचार करा, या गोष्टीत खलनायक कोण? मुल्ला अहमद तर दरबारात नाहीच. विजापूरकर कुठे दिसत नाहीत. बाईला पळवून आणणारा माणूस आपला आहे. शूर, निष्ठावान, नुकताच मोठा विजय मिळवून आलेला. आणि तो काही लपूनछपून करत नाही. त्या काळी लुटीचा उत्तम भाग धन्याला द्यायची जी रीत होती, तीच तो पाळतो आहे. त्याला बक्षिसाची अपेक्षा आहे. थांबवायचं आहे ते त्याला. शौर्यकथा म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे समोरून चालून येणारा शत्रू येतो. या कथेत प्रतिपक्ष आपल्याच रांगेत उभा आहे, मुजरा करून.

आता आर्थरकडे वळू. सर टॉमस मॅलरीने सांगितलेल्या आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेल्या ग्रंथात गवेन या तरुण सरदाराची पहिली मोहीम येते. पांढऱ्या हरणाच्या मागे गेलेल्या त्याच्या शिकारी कुत्र्यांना एक सरदार मारतो. गवेन त्याला लढाईत पाडतो. तो सरदार जीवदान मागतो, गवेन देत नाही. तलवार उगारलेली असताना त्या सरदाराची प्रिया त्याच्या अंगावर झेपावते आणि वार तिच्या मानेवर बसतो. गवेनचा भाऊच त्याला बोल लावतो. तिचं मुंडकं गळ्यात बांधून, धड घोड्यावर आडवं टाकून गवेनला राजधानीत परतावं लागतं. राणी ग्विनेव्हिअर आणि तिच्या सख्या न्याय करतात, की यापुढे जन्मभर तू स्त्रियांच्या बाजूने लढायचं. त्याच प्रकरणाच्या अखेरीस आर्थर आपल्या सगळ्या सरदारांकडून शपथ घेववतो. खून करायचा नाही, दया मागणाऱ्याला दया द्यायची, स्त्रियांच्या मदतीला धावायचं, त्यांच्यावर बळजबरी केली तर मृत्युदंड. ही शपथ दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला पुन्हा घ्यायची.

मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्यांत शपथ असते, मुंडकं नसतं. प्रकाशकांची अडचण समजते. पण मुंडकं काढलं की शपथ कशासाठी घेतली तेच कळत नाही. ती राक्षसांविरुद्ध घेतलेली नाही. आर्थरच्या गोलमेजावर बसणाऱ्या सरदारांनी स्वतःविरुद्ध घेतली आहे. दर वर्षी घ्यावी लागते याचा अर्थ ती मोडत असणार. ज्या मॅलरीच्या नावावर हा ग्रंथ आहे तो तुरुंगात बसून लिहीत होता, आणि अभ्यासक ज्या टॉमस मॅलरीला कर्ता मानतात त्याच्यावर दरोडा आणि बलात्काराचे आरोप होते. हे मुलांना सांगावं की नाही, ज्याने त्याने ठरवावं. मी मोठ्या वर्गाला सांगतो.

आबाजी आणि गवेन शेजारी उभे केले की मुलांचा गलका सुरू होतो. एकाला गवेन जास्त खरा वाटला, कारण त्याच्या हातून काहीतरी घडून गेलं. आपल्या गोष्टीत वेळीच आवरलं गेलं, म्हणून ती सोपी, असं त्याचं म्हणणं. मला उलट वाटतं. घडून गेल्यावर पश्चात्ताप होतोच. विजयाच्या भरात, सगळा दरबार कौतुकाने पाहत असताना आवरणं अवघड. पण त्याचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. बाईला घरातून उचलून, परक्या फौजेबरोबर आणून, अनोळखी पुरुषांपुढे उभं केलं गेलं, हे घडलेलंच आहे. साडीचोळीने ते पुसलं जात नाही.

मुलींनी बोट ठेवलं ते निराळ्याच जागी. तिचं नाव काय? बखरीच्या वळणाने सांगितलेल्या गोष्टीत ती कुणाची तरी सून आहे, एवढीच तिची ओळख. अलीकडच्या काही सांगण्यांत तिला गौहरबानू म्हटलं जातं, पण ते मागाहून चिकटवलेलं. तिच्या तोंडी वाक्य नाही. ती आली कशी, परत गेल्यावर सासरी काय झालं, कुणी विचारत नाही. मॅलरीच्या त्या मेलेल्या स्त्रीलाही नाव नाही. आणि सन्मान करायचा तर रूपाचा उल्लेख तरी कशाला? हा प्रश्न विचारणारी मुलगी आठवीतली होती. मी तिला राजांचा विनोद समजावू लागलो, तर ती म्हणाली, विनोद कळला, पण सगळे तिच्या तोंडाकडेच बघत होते ना. या कथेतली ही उणीव आहे आणि सुंदर वाक्याखाली ती झाकून ठेवू नये.

गोष्टीवर दुसऱ्या टोकाकडूनही हल्ला झाला आहे. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात शिवाजीराजांना आणि पेशवाईतले सेनानी चिमाजी अप्पा यांना याच औदार्याबद्दल दोष दिला. १७३९ मध्ये वसई पडल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या बायकोला अप्पांनी मानाने परत पाठवलं, अशी कल्याणच्या कथेची जुळी बहीण शोभेल अशी आख्यायिका आहे. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, बायकामुलांसह बाहेर पडू दिलं होतं, हा तिच्या मागचा इतिहास. सावरकरांचं वाचन मला पटत नाही. त्यांनी दोन्ही कथा शत्रूशी कसं वागावं याच्या कथा म्हणून घेतल्या. त्या आपल्या सैन्याने कसं वागावं याच्या आहेत. लुटीत बायका वाटून घेणारी फौज किती दिवस फौज राहते? चिमाजी अप्पांच्या नवसाचं वज्रेश्वरीचं देऊळ भिवंडी तालुक्यातच आहे. बाहेरून किल्ला वाटावा अशी त्याची तटबंदी. मुलांना तिथे घेऊन जावं आणि पायऱ्यांवर बसून वसईची गोष्ट सांगावी.

भिवंडीत ही कथा सांगताना आणखी एक तारीख टाळता येत नाही. ७ मे १९७० ला इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली, जळगाव आणि महाड तिच्यात ओढले गेले, आणि न्यायमूर्ती मादन आयोगाला त्याचा जाडजूड अहवाल लिहावा लागला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल. यंत्रमागांच्या या गावात वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांच्या आजोबांनी १९७० चा तो मे महिना वेगवेगळ्या गल्ल्यांतून पाहिला आहे. मुसलमान सुभेदाराच्या सुनेला आई म्हणणाऱ्या राजाच्या नावाने निघालेली मिरवणूक, आणि तीही कल्याण-भिवंडीच्या याच पट्ट्यात. मुलांपुढे मी यावर भाष्य करत नाही. फक्त विचारतो, त्या दिवशी आबाजी कोण होते आणि मान खाली घालायला लावणारं कुणी होतं का. उत्तर लगेच येत नाही. दोन्ही गल्ल्यांतल्या मुलांना येत नाही, हे बरंच आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. ही कथा सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा, आबाजींना गोष्टीतून गाळू नका, आणि तिच्याबरोबर रांझ्याचं पत्रही वाचून दाखवा. ते दंतकथा नाही. पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाने, बाबाजी भिकाजी गुजराने, बदअमल, म्हणजे दुराचार, केला म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतल्याचं ते पत्र आहे. शिक्षा ऐकून मुलं दचकतात. दचकू द्या, त्यावर वाद होऊ द्या. पाटील परका नव्हता, आपल्याच मुलखातला वतनदार होता. पत्रावर तारीख पडते २८ जानेवारी १६४६ ची. शिवाजीराजांना तेव्हा सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती.