रात्रचित्रण : मराठी चित्रपट, नभोनाट्य व भावगीत यांतील

गोंधळ, जागर, भजन व तमाशा हे महाराष्ट्रातील लोककलाप्रकार परंपरेने रात्रीचे. त्यांतील रात्र सामुदायिक असते. मशालीच्या वा गॅसबत्तीच्या उजेडात सारा गाव एकत्र येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास चित्रपट व नभोवाणी या नव्या माध्यमांनी ही रात्र जणू वाटून घेतली. तिचा सार्वजनिक व कष्टाचा भाग चित्रपटाकडे गेला. नभोवाणीने व भावगीताने तिला घरात आणले. या वाटणीत रात्रीचा अर्थ स्त्रीच्या सामाजिक स्थानानुसार बदलत गेला, ही या कालखंडाची लक्षणीय बाब होय.

व्ही. शांताराम दिग्दर्शित माणूस (१९३९) हा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पोलीस शिपाई गणपत व वेश्या मैना या दोघांचीही रात्र ही कामाची वेळ; परंतु जी रात्र त्याला अधिकार देते, तीच तिची प्रतिष्ठा हिरावून घेते. त्यामुळे यातील छायाप्रकाश केवळ शोभेपुरता राहत नाही. सामाजिक विषमताच त्यातून दृश्य होते.

लोकशाहीर रामजोशी (१९४७) या चित्रपटाने तमाशापटांची वाट मोकळी केली. अनंत माने यांच्या सांगत्ये ऐका (१९५९) मध्ये पाटलाने केलेला जुना अन्याय तमाशाच्या फडातूनच गावापुढे मांडला जातो. दिवसा जे बोलता येत नाही, ते रात्री फडात बोलता येते, हे या चित्रपटाचे मर्म. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. पुढील अनेक तमाशापटांत मात्र ही धार बोथट झाली व रात्र हे लावणीनृत्याचे निमित्त तेवढे उरले.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये, तर पुण्याचे १९५३ मध्ये सुरू झाले. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरल्यामुळे दूरची केंद्रेही ऐकू येतात. म्हणजे तांत्रिक दृष्ट्याही रात्र नभोवाणीस अनुकूल होती. नभोनाट्याचा श्रोता पात्रांना पाहू शकत नसल्याने अंधार त्यात गृहीतच असतो. रातकिडे, कुत्र्याचे भुंकणे, गस्तवाल्याची काठी एवढ्या ध्वनींवर रात्र उभी करता येते. मात्र हेच ध्वनी वारंवार वापरल्याने ते सांकेतिक बनतात व श्रोत्याची कल्पनाशक्ती आळसावते.

भावगीतातील रात्र चांदण्याची, प्रतीक्षेची व मीलनाची आहे. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे व अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा’ हे तिचे परिणत रूप. या रात्रीत श्रम नाहीत, भय नाही आणि बहुधा दुसऱ्या दिवसाची चिंताही नाही. तिचे माधुर्य निर्विवाद असले, तरी ते सुरक्षित घराचे माधुर्य आहे. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या ध्वनिमुद्रिकांद्वारे व नभोवाणीवरून अशा घरांत पोहोचल्या. पण लावणी घरात आली, तरी ती नाचणाऱ्या स्त्रीची रात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. ग. दि. माडगूळकरांच्या एकाच लेखणीतून फडावरची लावणी व घरोघर ऐकले गेलेले गीतरामायण (१९५५–५६) उतरले. यावरून ही दरी कलावंतांच्या सामर्थ्यातील नसून श्रोतृवर्गाच्या अपेक्षांतील होती, असे दिसते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात ही दरी आजही जाणवते. दौंड तालुक्यातील चौफुला येथे संगीतबारीची कला केंद्रे आहेत. शिरूर तालुक्यातील सणसवाडी येथे कारखान्यांची रात्रपाळी चालते. या दोन्ही ठिकाणी रात्र म्हणजे उपजीविका. तिचे रूप भावगीतात क्वचितच आढळते. म्हणूनच गोडव्यात भावगीते सरस असली, तरी रात्रीच्या आशयाच्या दृष्टीने माणूस व सांगत्ये ऐका या कलाकृती अधिक टिकाऊ ठरतात.